पॉप-अप कॅम्परमध्ये गादीखाली ओल येतेय? ड्रिल जरा बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ट्रकवर बसवलेला पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर उचलून कापडी भिंती उघडणारी झोपायची खोली, घेतला, थंडीत चार रात्री दोघं त्यात झोपलात, परत आल्यावर सहज गादी उचलली तर खालचा प्लायवूड ओला, गादीच्या कव्हरची खालची बाजू गार आणि चिकट, आणि डोक्याकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके. आता तुमच्या मनात दोन उपाय आहेत, एक म्हणजे बेडच्या प्लायला ठिकठिकाणी भोकं पाडायची आणि दुसरा म्हणजे गादीखाली जाड प्लास्टिक अंथरायचं. दोन्ही करू नका. मी बरीच वर्षं असल्याच कॅम्परमध्ये झोपतोय, इतरांचेही उघडून नीट करून देतो, आणि हे दोन्ही उपाय करून पस्तावलेली माणसं मी पाहिलीत. प्लास्टिकवाला तर मी स्वतःच आहे, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आधी हे पाणी येतं कुठून ते बघू, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. गादी खालून ओली दिसली की वाटतं पाणी खालून आलं. पाणी वरून आलेलं असतं, तुमच्या अंगातून. झोपलेला मोठा माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण ३० ते ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, घाम आला नाही तरी. आठ तासांचं म्हणजे एका माणसाचं पाव लिटर, दोघांचं मिळून अर्धा लिटर सहज. आता तुमच्या कॅम्परच्या आत हवा किती, धरा १० घनमीटर. २० अंश सेल्सिअसची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, म्हणजे सगळा कॅम्पर ठासून भरला तरी १७० ग्रॅम, आणि तुम्ही रात्रभरात ५०० ग्रॅम ओतताय. उरलेलं कुठेतरी बसणारच, आणि ते सगळ्यात थंड जागा शोधून बसतं. थंड काच, छताची अॅल्युमिनियमची फ्रेम, कापडी भिंतीच्या घड्या, आणि गादीच्या खालची फळी.

गादीखालची फळी इतकी थंड का असते हा प्रश्न मजेशीर आहे. तुमचा बेड ट्रकच्या केबिनच्या वर पुढे आलेल्या भागात आहे, त्याच्या खाली केबिनचं छत आणि मध्ये उघडी फट, रात्रभर तिथून बाहेरचा वारा खेळत असतो. म्हणजे फळीच्या खाली पूर्ण बाहेरचं तापमान. आणि वर काय, तर तुमची १० सेंटीमीटरची छान जाड फोमची गादी. फोम हे उत्तम इन्सुलेशन आहे, ती तुमची ऊब खाली जाऊच देत नाही, म्हणून तर तुम्हाला आवडते. पण वाफ मात्र ती आरामात खाली जाऊ देते कारण फोम आत जाळीदार असतो. ऊब वर अडली, वाफ खाली उतरली, खाली गारठलेली फळी, झालं काम. गंमत अशी की गादी जितकी चांगली तितकी खालची फळी जास्त थंड, म्हणून पातळ जुनी गादी काढून नवी जाडजूड घेतल्यावर ओल वाढली अशी तक्रार येते तेव्हा मला नवल वाटत नाही.

आकड्यात सांगतो, हिशेब ढोबळ आहे पण दिशा कळते. बाहेर शून्य अंश, अंथरुणात ३० अंश, मध्ये १० सेमी फोम आणि १२ मिमी प्लाय. गादी आणि प्लाय जिथे टेकतात तिथलं तापमान येतं साधारण २ अंश. आत हवा १५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल (झाकाबंद कॅम्परमध्ये पहाटे याच्याही वर जाते) तर त्या हवेचा दवबिंदू साडेनऊ अंशाच्या आसपास, म्हणजे साडेनऊपेक्षा थंड जे काही असेल त्यावर पाणी सुटणार. २ आणि साडेनऊ, सामना बरोबरीचा नाहीच.

आता प्लायवर १२ मिमीचा एक्सपीएस टाकला, म्हणजे तो रंगीत दाट फोमचा बोर्ड मिळतो ना, साध्या थर्माकोलसारखे दाणे न सुटणारा, पाणी न पिणारा, तो. टेकायच्या जागेचं तापमान २ वरून ५ च्या थोडं वर जातं. २५ मिमीचा टाकला तर ८ च्या आसपास. म्हणजे नुसत्या इन्सुलेशनने साडेनऊ गाठता येत नाही. पण दुसऱ्या बाजूने या, वरचा व्हेंट (छतातला हवा बाहेर जायचा झरोका) आणि एक खिडकी जराशी उघडी ठेवून आतली आर्द्रता ७० वरून ५० वर आणली तर त्याच १५ अंशांच्या हवेचा दवबिंदू साडेचार-पावणेपाचवर उतरतो. आणि तुमचा १२ मिमीचा बोर्ड ५ च्या वर आहे. जमलं. थोडक्यात जमलं, पण जमलं. अंगाखालची हवा खोलीतल्या हवेपेक्षा जास्त दमट असते म्हणून थोडी ओल तरीही सुटेल, तिच्यासाठी गादीखाली फट लागते, तिकडे येतोच. पण मुद्दा हा की हवा खेळवणं एकटं पुरत नाही, इन्सुलेशन एकटं पुरत नाही, लोक एकच काहीतरी करतात आणि मग म्हणतात काही उपयोग होत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडता उपाय म्हणजे थंडीत खिडकी उघडी ठेवणं. लोक म्हणतात अहो बाहेर पाऊस पडतोय, बाहेरची आर्द्रता शंभर टक्के, ती आत घेऊन मी काय करू. पण शून्य अंशाच्या हवेत शंभर टक्के म्हणजे घनमीटरला ४.८ ग्रॅम पाणी फक्त. तीच हवा आत येऊन १५ अंशांवर तापली की तिची आर्द्रता ३६-३७ टक्के होते, ती कोरडी हवा झाली, तहानलेली, तुमचा ओलावा उचलून वरच्या व्हेंटमधून बाहेर घेऊन जाणारी. त्यासाठी दोन तोंडं पाहिजेत. एकच उघडलं तर हवा तिथल्या तिथे घुटमळते. खाली कुठेतरी एक बारीक फट, वर छतातला व्हेंट दोन बोटं उघडा, फॅन असेल तर सगळ्यात कमी स्पीडवर हवा बाहेर फेकणारा. दोन माणसांचं पाणी बाहेर काढून आर्द्रता ५० वर ठेवायला तासाला साधारण ३५-४० घनमीटर हवा बदलावी लागते, म्हणजे आतली सगळी हवा तासातून जवळजवळ चार वेळा. ऐकायला जास्त वाटतं पण छतातला फॅन सगळ्यात हळू फिरवला तरी त्याच्यासाठी हे किरकोळ काम आहे. खालची फट पायांच्या बाजूला ठेवा, डोक्याशी ठेवलीत तर दुसऱ्या रात्री तुम्हीच ती उठून बंद कराल.

गरम दमट हवामानात हे गणित चालत नाही हे पण सांगून टाकतो. बाहेर २५ अंश आणि ९५ टक्के असेल तर खिडकी उघडून कोरडं काहीच आत येत नाही. पण तेव्हा फळीही थंड नसते, त्यामुळे पाणी सुटून डबकं होत नाही, फक्त सगळं सर्द होतं आणि वास धरतो. तिथे फॅन गादीवरून फिरता ठेवणं आणि गादी रोज उभी करणं एवढंच हातात असतं.

हीटरचं म्हणाल तर कुठला वापरताय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच फार महत्त्वाचं आहे. गॅसचा जो हीटर आतल्या आत जळतो, धूर बाहेर नेणारा पाइप नाही, तो ऊब देतो तसं पाणीही देतो. प्रोपेन जळला की वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त पाणी तयार होतं, १०० ग्रॅम गॅसमागे १६० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात तुमच्या खोलीत. गॅसची शेगडी आत लावून पाणी उकळत ठेवलं की तेच, वर भांड्यातली वाफ वेगळी. माझ्याकडे एक जण आले होते, म्हणाले हीटर रात्रभर लावतो तरी ओल जात नाही, अहो हीटरमुळेच येतेय. आणि तशा हीटरवर झोपणं मुळात धोक्याचं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आज बसवा, गादीचं नंतर बघू. ज्या हीटरची जळण्याची हवा बाहेरून येते आणि धूर पाइपने बाहेर जातो, म्हणजे ते डिझेलचे छोटे हीटर किंवा फर्नेस, त्यांची ऊब कोरडी असते. ओले बूट आणि ओली जॅकेटं बेडच्या टोकाशी टांगायची सवय असेल तर ती पण मोडा.

आता माझी प्लास्टिकची गोष्ट. अगदी सुरुवातीच्या दिवसांत मी चांदीसारखी चमकणारी बबल शीट, ती दोन्ही बाजूंनी फॉइल असलेली, गादीखाली अंथरली. डोक्यात हिशेब असा की इन्सुलेशनही झालं आणि पाणीही अडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गादीचा कोपरा धरून वर केला तर फॉइलवर पाणी नुसतं चमकत होतं, कमरेच्या आणि खांद्याच्या जागी दोन लांबट डबकी, मधल्या सुरकुतीतून एक ओघळ पायापर्यंत गेलेला, आणि गादीचं कापड खालून असं ओलं की पिळलं असतं तर थेंब पडले असते. प्लाय मात्र खडखडीत. म्हणजे प्लास्टिकने आपलं काम चोख केलं, पाणी अडवलं, फक्त चुकीच्या बाजूला अडवलं. आणि ती बबल शीट इन्सुलेशन म्हणूनही फुकट गेली, कारण चमकणाऱ्या पृष्ठभागाला समोर हवेची फट असली तरच उपयोग, गादीखाली दबून ती दोन-तीन मिलीमीटरचं साधं प्लास्टिक उरते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसला प्रकार.

वाफ अडवायचीच असेल तर ती उबदार बाजूला अडवावी लागते, म्हणजे गादीच्या वर, चादरीच्या खाली. कडाक्याच्या थंडीत लोक स्लीपिंग बॅगच्या आत वाफ न जाऊ देणारं अस्तर घालून झोपतात ते याच तत्त्वावर. वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टर वर घातला तर गादी खरंच कोरडी राहते, मी करून पाहिलंय. पण पाठीला चिकचिक होते, आणि तो ओलावा मग हवेत येतो, म्हणजे व्हेंट उघडा पाहिजेच. प्रोटेक्टरवर एखादी लोकरीची चादर टाकली तर बरंच सुसह्य होतं, लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही, सकाळी झटकून वाळवायची. ज्यांना चालतं त्यांनी हे करावं, मला स्वतःला झोप येत नाही.

आणि भोकं. घरच्या लाकडी पलंगाच्या प्लायला भोकं पाडलेली असतात, खाली खोलीचीच हवा असते, तिथे ठीक. तुमच्या फळीखाली खोली नाही, बाहेर आहे. भोक पाडलं की गारठा, धूळ, रस्त्यावर उडालेलं पाणी आणि चिलटं सगळ्यांना दार उघडून दिलं. बऱ्याच कॅम्परमध्ये तो तळ एकसंध सँडविच पॅनल असतो, वर-खाली पातळ कडक थर आणि मध्ये फोम, त्याला भोक पाडलं की मधल्या थरात पाणी शिरायला वाट झाली आणि तो तळच पुढे लोंबकळणारा सगळा बेड पेलून धरत असतो. शिवाय ४० मिमीची वीस भोकं पाडली तरी तुमच्या अंगाखालची बाकी सगळी जागा बंदच की. बेडचा जो भाग आत ओढून वाढवता येतो, ज्याच्या खाली कॅम्परची आतली हवा असते, तिथे फळीऐवजी पट्ट्या असतील किंवा भोकं पाडली तर हरकत नाही. पुढच्या भागाला हात लावू नका.

मग गादीखाली करायचं काय. खाली एक्सपीएसचा बोर्ड, त्यावर हवा फिरेल अशी जाळी, त्यावर गादी. क्रम उलटा करू नका, जाळी खाली आणि बोर्ड वर ठेवलात तर फट प्लायपाशी गेली आणि गादी पुन्हा सपाट बोर्डावर चिकटून बसली. बोर्डाची धार भिंतीला घट्ट टेकू द्या, प्लाय कुठे उघडा राहिला तर पाणी नेमकं तिथेच सुटतं. कडेला अॅल्युमिनियमची फ्रेम दिसत असेल तर तिच्यावरही पातळ क्लोज्ड सेल फोमची (आतले कप्पे बंद असलेला, पाणी न पिणारा फोम) पट्टी चिकटवा, अॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, थंडीत त्या फ्रेमवर बोट टेकवून बघा, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखी लागते आणि तशीच घामेजते.

जाळी म्हणजे, बोटींवर गादीखाली घालायची ती गुंतलेल्या प्लास्टिकच्या दोऱ्यांची चटई असते, साधारण १८-२० मिमी जाड, हायपरव्हेंट नावाने मिळते ती माहीत असेल, तशाच इतरही आहेत. वजन नाही, कात्रीने कापता येते, अंगाला टोचत नाही. फ्रोलीचे ते प्लास्टिकचे चांदणीसारखे स्प्रिंग असतात ते झोपायला फारच छान, हवाही भरपूर खेळते, पण उंची खातात, आणि पॉप-अपमध्ये उंची म्हणजे जीव की प्राण. स्वस्तात करायचं तर बाथरूममध्ये टाकतात त्या जाळीदार प्लास्टिकच्या चटया एकमेकांना जोडून चालतात, जराशा कडक आणि कूस बदलली की कुरकुरतात. लाकडी पट्ट्या टाकणार असाल तर दोन पट्ट्यांतलं अंतर ६-७ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, फोम मध्ये खचतो, आणि एक गोष्ट लोक विसरतात की सपाट फळीवर आडव्या पट्ट्या ठेवल्या की त्यांच्यामध्ये बोगदे तयार होतात, त्या बोगद्यांची दोन्ही टोकं उघडी पाहिजेत. टोकं भिंतीला टेकलेली असतील तर ते बोगदे नाहीत, डबे आहेत.

हीच गोष्ट चटईलाही लागू. गादी चारही बाजूंनी भिंतीला घट्ट बसत असेल तर खालची फट मेलेली फट. गादीच्या कडेने दोन सेंटीमीटर जागा मोकळी पाहिजे, निदान डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला. फोम कापायला करवती दात्यांची लांब सुरी घ्या, दाब न देता हळूहळू ओढत कापा. कापतच आहात तर गादीचे दोन तुकडेही करून टाका, एक पाठीला आणि एक पायाला. कव्हर पुन्हा शिवून घ्यावं लागेल पण नंतर रोज सकाळी दुवा द्याल, कारण त्या बसक्या जागेत गुडघ्यावर बसून अख्खी गादी उलटवणं म्हणजे कुस्तीच आहे. आणि ती मोकळी ठेवलेली फट मोजे, चार्जर, उशा कोंबून बंद करू नका, सगळे करतात म्हणून सांगतोय.

आता पॉप-अपचा खरा पेच, जो साध्या कॅम्परवाल्यांना नसतो. छत खाली घेतलं की ते गादीच्या अगदी जवळ येतं, त्यात अंथरूण आतच ठेवायची आपली सवय. २५ मिमीचा बोर्ड आणि २० मिमीची चटई म्हणजे साडेचार सेंटीमीटर वाढले. छत बसेना, मग माणूस वर लटकून लॅच ओढतो, आणि काही महिन्यांत लॅच सैल होतात, छताचा सील एका बाजूने उचलतो आणि पावसाचं पाणी आत. ओल घालवायला गेलात आणि गळती विकत घेतलीत. म्हणून आधी मोजा. मी काय करतो की लहान मुलांची मॉडेलिंगची मऊ माती असते तिचे मुठीएवढे सहा गोळे करायचे, गादीवर कागद टाकून डोक्याशी तीन आणि पायाशी तीन ठेवायचे, अंथरूण काढून टाकायचं, छत पूर्ण खाली घेऊन लॅच लावायचे, पुन्हा वर करून चपटे झालेले गोळे पट्टीने मोजायचे. गादी जरा दबते म्हणून खालून एखादी सपाट फळीची चकती ठेवली तर माप बरोबर येतं, फक्त चकतीची जाडी त्यात धरा. जो गोळा सगळ्यात चपटा तेवढीच तुमची जागा, त्यातून अंथरुणाची जाडी वजा. एकाच्या कॅम्परमध्ये मागच्या बाजूला ९ सेंटीमीटर आणि पुढच्या टोकाला फक्त ३ निघाले, छताला आतून उतार होता. त्यांना १२ मिमीचा बोर्ड, १८ची चटई असं बसवलं आणि ब्लँकेटं खाली सीटवर ठेवायला लावली. जागाच नसेल तर गादी २ सेंटीमीटर पातळ घ्या पण फट सोडू नका.

बोर्ड खालून, म्हणजे बाहेरून चिकटवता येतो का असं विचारतात. येतो, आणि उष्णतेच्या हिशेबाने तेवढाच उपयोगी, वरची उंचीही वाचते. पण केबिनच्या छतापासून कॅम्परचा तळ किती वर आहे ते आधी बघा, खडबडीत रस्त्यावर कॅम्पर आणि केबिन वेगवेगळे हलतात, बोर्ड घासला तर केबिनचा रंग जातो. आणि पुढची धार नीट बंद केली नाही तर हायवेवर वारा बोर्ड सोलून काढतो. दाट क्लोज्ड सेल फोमची गोंदवाली शीट त्यामानाने बरी टिकते.

छत खाली घेताना अजून एक भानगड होते. रात्रभर श्वासाची वाफ कापडी भिंतींवर आतून बसलेली असते, पाऊस असेल तर बाहेरूनही ओलं, आणि छत खाली आलं की ते कापड घडी पडून थेट गादीवर टेकतं. दिवसभर गाडी चालवता तोवर गादी वरून ते पाणी पीत बसते. तुमचे काळे ठिपके डोक्याकडच्या कोपऱ्यात आहेत म्हणालात, मला निम्मा संशय याचाच आहे. छत खाली घेण्याआधी मायक्रोफायबरच्या फडक्याने कापड पुसून काढा, पाच मिनिटांचं काम, फडकं दोनदा पिळावं लागतं यावरूनच कळतं की किती पाणी होतं. तरी ओलं राहिलंच तर अंथरुणावर एक पातळ ताडपत्री टाकून मग छत घ्या. मुक्कामाला पोचल्यावर छत वर केलं की पहिलं काम ती ताडपत्री काढून झटकणं, नाहीतर तिच्याखाली गादी घामेजेल. अख्ख्या कॅम्परमध्ये गादीजवळ प्लास्टिक मला चालतं ते एवढंच.

सकाळची सवय सांगतो. उठल्या उठल्या अंथरूण सारखं करून गादी झाकू नका, तीच वेळ तिच्यात सगळ्यात जास्त वाफ असते. ब्लँकेटं बाजूला, गादीचा एक तुकडा उभा, हीटर चालू, व्हेंट उघडा, वीस मिनिटं. तोवर बाकीचं आवरा. रोज जमलं नाही तर एक दिवसाआड करा, पण सलग तीन दिवस गादी न उचलता राहू नका, बुरशीला ओल आणि एक-दोन दिवस मिळाले की ती कामाला लागते. घरी आल्यावर कॅम्पर आडोशाला असेल तर छत वर करूनच ठेवा, गादी आडव्या धारेवर उभी.

ते ओलावा शोषणारे डबे, कॅल्शियम क्लोराइडचे, उभ्या कॅम्परमध्ये गाडी बंद असताना ठेवायला ठीक आहेत. चालत्या गाडीत नको, खाली साचलेलं खारं पाणी सांडलं तर अॅल्युमिनियमची वाट लावतं आणि ती जागा नंतर कायम दमट राहते. छोटे बॅटरीवरचे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारी यंत्रं, थंडीत जवळजवळ काहीच ओढत नाहीत, पैसे वाचवा. त्याऐवजी १२ व्होल्टची गरम होणारी चादर असेल तर झोपायच्या आधी अर्धा तास लावा, अंथरूण कोरडं होतं.

एवढं सगळं करण्याआधी एक खात्री करा की ही गळती नाही. ओलीचा आकार बघा. माणसाच्या आकाराची असेल, खांदे आणि कंबर दिसत असेल, तर ती तुमचीच. कडेने, कोपऱ्यात, एखाद्या स्क्रूभोवती, रेषेसारखी असेल तर संशय घ्या. कॅम्परच्या पुढच्या नाकावर ते छोटे मार्कर लाईट असतात ना, त्यांच्या खालचा सील सुकला की गाडी वेगात असताना पाऊस दाबाने आत घुसतो आणि गादीच्या डोक्याशी येऊन थांबतो. गादी काढून टाका, प्लाय पूर्ण वाळवा, जोडांवर टिशू पेपर टेपने लावा आणि आत कोणी झोपलेलं नसताना बाहेरून पाइपने खालून वर असं हळूहळू पाणी मारा, एकेक जोड पाच-दहा मिनिटं. टिशू जिथे पहिल्यांदा गडद होतो ती जागा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. सापडली तर जुनं सगळं खरवडून ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट सील करायची पट्टी) लावा, वरून सिलिकॉन फासून भागत नाही.

ठिपक्यांचं काय करायचं तर प्लायवरचे ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा, दहा मिनिटं ठेवा, घासा, पूर्ण वाळवा, मग वॉटर बेस्ड वॉर्निशचे दोन हात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी क्लोरिन सुटतो आणि कॅम्परमधून पळायला जागा नसते. मास्क लावा, दारं उघडी. गादीचं कव्हर धुऊन निघेल, पण फोममध्ये काळं आत गेलं असेल तर तो फोम टाकून द्या. चेन उघडून बोटाने दाबून बघा, वास घ्या, नाकाला लगेच कळतं.

आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा, घ्या, वायरला सेन्सर असलेला, सेन्सर गादीखाली कमरेच्या जागी टाका आणि डिस्प्ले उशाशी. पहिल्या रात्री व्हेंट बंद ठेवून बघा, दुसऱ्या रात्री उघडून. आकडा ७० च्या खाली राहत असेल तर निवांत झोपा, पहाटे ९०ला टेकत असेल तर व्हेंट अजून एक बोट उघडा.

उन्हाळ्यात चटई काढून ठेवायची का असंही विचारलंत. राहू द्या. फक्त वर्षातून एकदा उचलून खालची झाडलोट करा, मी मागच्या वेळी उचलली तेव्हा मूठभर वाळू, केस आणि बरेच दिवस शोधत असलेला एक मोजा निघाला.